बाबा, आम्ही होडी घ्यायचं म्हणतोय

हेगर्स्टेन, स्टॉकहोम
रविवार, १९ एप्रिल २०२६

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा तुम्ही "बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात दिलात. म्हणून पत्र लिहायला बसले. हातानेच लिहिते आहे, समीर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल. सकाळचा चहा झाला की गॅलरीत बसून सावकाश वाचा.

आम्ही होडी घ्यायचं म्हणतोय. अजून घेतलेली नाही. मालकाला पुढच्या रविवारी उत्तर द्यायचं आहे. त्याआधी तुम्हाला सगळं सांगायचं आहे, गेल्या वर्षी तुमच्यापासून लपवलेल्या एका गोष्टीसकट.

तुम्ही दोघं २०२३ मध्ये आलात तेव्हा आपण रोज संध्याकाळी ज्या बाकावर बसायचो, तिथून पाणी साठ-सत्तर पावलांवर आहे. त्या दोन महिन्यांत तुम्ही बाकाच्या पुढे एकदाही गेला नाहीत. मी कधी आग्रह केला नाही, कारण लहानपणापासून मला ते ठाऊक आहे. दापोलीला, हर्णैला गेलो तरी पाणी घोट्याच्या वर येऊ द्यायचं नाही. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायचं ते रस्त्याच्या कडेला उभं राहून. इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा दाखवायला तुम्ही मला हौसेने संगमाजवळच्या बोट क्लबवर न्यायचात. अंधारात नदीवर मशाली फिरायला लागल्या की तुम्हीही टाळ्या वाजवायचात, पण एकाच हाताने मांडीवर. दुसऱ्या हाताने माझ्या फ्रॉकचा पट्टा धरलेला असायचा. तो पट्टा मागून ओढला गेल्याचं मला अजून जाणवतं.

इथलं पाणी कसं आहे ते आधी सांगते, कारण तुमच्या डोळ्यांसमोर पाणी म्हटलं की पुण्याची मुठा नदीच येणार.

आपल्या घरासमोर आहे ते मेलारेन. तळं म्हणायचं, पण स्वीडनमधलं आकाराने तिसरं. आपल्याकडे जसं खडकवासल्याचं पाणी नळाला येतं, तसं स्टॉकहोमला मेलारेनचं. एके काळी ही समुद्राची खाडी होती. हिमयुगात या देशावर बर्फाचा एवढा जाड थर होता की त्याच्या भाराने जमीनच खाली दबली. बर्फ वितळला आणि जमीन हळूहळू वर यायला लागली. ती अजून येतेच आहे, वर्षाला जवळजवळ अर्धा सेंटिमीटर. अशी वर येता येता खाडी समुद्रापासून तुटली आणि पाणी गोडं झालं. आज तळ्याची पातळी समुद्रापेक्षा साधारण सत्तर सेंटिमीटर उंच आहे. होडीला समुद्रात जायचं तर हम्मरबीला दोन दारांच्या एका मोठ्या हौदात शिरायचं, मागचं दार लागतं, पाणी उतरतं, होडी अलगद खाली जाते आणि पुढचं दार उघडतं. मल्हार त्याला "पाण्याची लिफ्ट" म्हणतो.

त्या दारापलीकडे बाल्टिक समुद्र आणि लहानमोठी मिळून सुमारे ३०,००० बेटं. काही बेटांवर गावं आहेत, काहींवर फक्त एक झाड आणि पाच बदकं. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी चाखलं तर हर्णैच्या पाण्यापुढे जेमतेम खारट. बेटांच्या आड लाटाही फारशा येत नाहीत. धोका दुसऱ्याच गोष्टीचा असतो, तो म्हणजे पाण्याखालच्या खडकांचा. वर सगळं शांत, आरशासारखं, आणि खाली हातभरावर काळा पाषाण. त्यामुळे इथे कोणी नकाशा पाहिल्याशिवाय होडी हाकत नाही. बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला, हिरवी उजव्या हाताला. हा नियम आपल्याकडे मुंबईच्या बंदरातही हाच आहे, हे मला इथे वर्गात बसल्यावर कळलं.

हो, मी वर्ग केला. जानेवारीपासून दर मंगळवारी संध्याकाळी. लहान होडीला इथे परवाना लागत नाही, ती बारा मीटरपेक्षा लांब आणि चार मीटरपेक्षा रुंद असेल तरच लागतो. पण स्वखुशीने देता येते अशी एक परीक्षा आहे. नकाशावर कोन काढायचे, दिवे ओळखायचे, कोणी कोणाला वाट द्यायची ते शिकायचं. मी ती दिली आणि पास झाले. समीर पुढच्या हिवाळ्यात देणार आहे.

आता ती लपवलेली गोष्ट.

गेल्या जुलैमध्ये आम्ही एक मोटरबोट तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली होती. तुम्हाला फोटो पाठवले होते, ईराने टोपी घातलेला, मल्हार बिस्किट खात असलेला. ते पहिल्या दिवसाचे. दुसऱ्या दिवशी दुपारी वाक्सहोल्मच्या पुढे असताना इंजिन तापल्याचा भोंगा वाजायला लागला. समीरने इंजिन बंद केलं. इंजिन बंद झालं की होडी आपली राहत नाही, बाबा, ती वाऱ्याची होते. वारा फार नव्हता, पण आम्हाला ढकलत होता एका बेटाच्या दिशेने, आणि त्या बेटाच्या पुढ्यात नकाशावर बारीक बारीक फुल्या होत्या. फुली म्हणजे खडक. दुसऱ्या बाजूने फिनलंडला जाणारं मोठं जहाज यायच्या बेतात होतं. त्याची वाट लांब होती, पण त्याच्या लाटा आमच्यापर्यंत येणार होत्या.

समीर इंजिनावर वाकलेला. मी नांगर टाकला. दोर सरसर जायला लागला, आणि तेव्हा मला दिसलं की दोराचं दुसरं टोक कुठेच बांधलेलं नाही. ज्यांनी होडी भाड्याने दिली त्यांच्याकडून ते बांधायचं राहून गेलं होतं, आणि आम्ही निघताना पाहिलं नव्हतं. शेवटचं वेटोळं सुटत होतं. मी ते हातात धरलं. तळहाताची कातडी सोलली गेली, पण दोर थांबला. पुढच्या कठड्याला लोखंडी कडी होती, तिच्यातून टोक ओवलं आणि गाठ मारली.

कुठली गाठ मारायची याचा विचार केला नाही. हातांनी तुमची गाठ मारली. आपल्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीवर तुम्ही मला शिकवली होतीत ती. एक छोटं कडं करायचं, टोक खालून वर काढायचं, दोराच्या मागून फिरवायचं आणि परत त्याच कड्यात खाली घालायचं. कितीही ताण आला तरी फासासारखी आवळत नाही, आणि सोडायला गेलं की नखाने सुटते. तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. तुम्ही ती माझ्याकडून पन्नास वेळा तरी करून घेतली होतीत, डोळे मिटूनसुद्धा. मला तेव्हा कंटाळा आला होता. कपडे वाळत घालायला एवढी गाठ कशाला, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "येऊ दे."

नांगर धरला. होडीने तोंड वळवलं आणि ती वाऱ्याकडे बघत उभी राहिली. इंजिन थंड करायला जिथून पाणी आत खेचलं जातं, तिथे प्लास्टिकची पिशवी अडकलेली निघाली. समीरने ती उपसून काढली. वीस मिनिटांनी आम्ही पुन्हा चालू लागलो. मुलांनी सकाळपासून लाइफजॅकेट घातलेलीच होती. मल्हारला काही झालं हे कळलंही नाही. ईराला कळलं. तिने रात्री विचारलं, "आई, तुला पोहता येत नाही ना? मग तू पडली असतीस तर तुला कोणी काढलं असतं?"

त्या आठवड्यात तुम्ही व्हिडिओवर हाताची पट्टी पाहिलीत आणि विचारलंत, तेव्हा मी कुकरची वाफ लागली म्हणाले. खोटं बोलले. तुम्हाला रात्र-रात्र झोप लागणार नाही म्हणून बोलले, पण ते मला तेव्हापासून टोचत होतं.

ईराच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी सप्टेंबरमध्ये मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. इथे शाळेत सहावीपर्यंत प्रत्येक मुलाला २०० मीटर पोहता यावं लागतं, त्यातले ५० मीटर पाठीवर. गणित-भाषेसारखंच ते अभ्यासक्रमात आहे. ईरा आठव्या वर्षीच त्याच्या जवळ पोचली आहे. आमच्या वर्गात आम्ही नऊ बायका, कोणी सोमालियाची, कोणी सीरियाची, एक आजी इथलीच. पहिल्या दिवशी फक्त तोंड पाण्यात घालायचं होतं. छातीइतक्या पाण्यात उभं राहून मी तीन वेळा वाकले आणि तीन वेळा परत आले. चौथ्यांदा घातलं. बाबा, आत इतकं शांत असतं. बाहेरचा सगळा कल्ला बंद होतो आणि आपल्याच छातीतला ठोका ऐकू येतो. मी वर आले तेव्हा त्या आजींनी टाळ्या वाजवल्या. सदतिसाव्या वर्षी, या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात माझे दोनशे मीटर झाले. आईला सांगितलं होतं, तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. तिच्यावर रागावू नका.

आता होडीबद्दल.

आल्बिन २५ नावाची आहे, १९७४ सालची. लाकडाची नाही, फायबरची. साडेसात मीटर लांब, म्हणजे आपल्या दिवाणखान्यापेक्षा थोडी मोठी. पुढे दोघांना झोपायला जागा, मागे वेगळी छोटी खोली, मध्ये सुकाणू. डिझेल इंजिन. वेग फार नाही, ताशी बारा-तेरा किलोमीटर. लक्ष्मी रोडवरून गणपतीच्या आधी रिक्षा जाते तसा. मला हा वेग आवडला. आई, तू हे वाचत असशील तर ऐक, आत दोन बर्नरचा स्पिरिटचा स्टोव्ह आहे. पोहे होतील, कांदेपोहे, मी मोजून पाहिलंय, आपली लहान कढई त्यावर बसते.

मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. गुडघे दुखतात, उडी मारून धक्क्यावर उतरता येत नाही, म्हणून विकताहेत. त्यांनी एक वही दाखवली. १९८८ पासूनची. कुठल्या वर्षी तेल बदललं, कधी पंपाचं रबर बदललं, कधी रंग दिला, सगळं एका ओळीत एक, त्याच निळ्या पेनाने. तुमची स्कूटरची वही आठवली. मला खरं तर तिथेच होडी घ्यावीशी वाटली, पण समीर म्हणाला, वही नको बघू, होडी बघ.

इथे हिवाळ्यात तळं गोठतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये सगळ्या होड्या क्रेनने उचलून किनाऱ्यावर ठेवतात आणि ताडपत्री घालतात. ही अजून तशीच लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, त्यामुळे बूड नीट पाहता आलं. आमच्या ओळखीचे एक जाणते गृहस्थ बरोबर आले होते. त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. म्हणाले, विकणाऱ्याने आपण यायच्या आधीच इंजिन चालू करून गरम केलेलं असेल तर समजायचं की ते थंड असताना नीट सुरू होत नाही. मग त्यांनी एक छोटी प्लास्टिकची हातोडी घेतली आणि बुडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच ठोकत गेले. टण, टण, टण. कुंभारवाड्यात माठ घेताना तुम्ही बोटाच्या पेराने वाजवून बघता ना, अगदी तसं. एके ठिकाणी आवाज बद्द आला. ते थांबले, तिथे खडूने गोल केला, ओलावा मोजायचं यंत्र लावलं. सुदैवाने आत पाणी मुरलेलं नव्हतं, आतून लाकडी फळी चिकटवलेली होती तिथला तो आवाज होता.

खरा दोष निघाला तो वेगळाच. होडीच्या बुडाला भोकं असतात, इंजिनाला पाणी घ्यायला, मोरीचं पाणी सोडायला, आणि प्रत्येक भोकावर पितळी तोटी असते. त्यातल्या दोन तोट्या चाकूने खरवडल्या तर पिवळ्या दिसायच्या ऐवजी गुलाबी दिसल्या. पितळेतलं जस्त निघून गेलं की उरलेलं तांबं असं गुलाबी दिसतं आणि ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. पाण्यात असताना अशी तोटी हातात तुटून आली तर होडीच्या पोटात अंगठ्याएवढी धार लागते. मालकांनी आधी सांगितलं नव्हतं, पण त्यांना खरंच माहीत नव्हतं असं मला वाटलं. त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही तोट्या बदलून देतो म्हणाले आणि तोवर होडी पाण्यात घालायची नाही, असं आमच्यात ठरलं आहे.

पैशांचं सांगते. ६५,००० क्रोनर मागताहेत, म्हणजे आपले सहा लाखांच्या आसपास. कर्ज काढायचं नाही. गाडी आम्ही घेतली नाही, ते पैसे बाजूला आहेत. विमा, क्लबची वर्गणी, हिवाळ्यात ठेवायची जागा, डिझेल आणि दुरुस्ती धरून वर्षाला पंधरा-वीस हजार क्रोनर जातील. हा खर्च आहे, गुंतवणूक नाही, होडीची किंमत वाढत नाही. तुम्ही विचारणार म्हणून आधीच लिहिलं.

समीरचं म्हणणं होतं की भाड्याने घेत राहू, डोक्याला ताप नाही. त्यात तथ्य आहे. वर्षातले जेमतेम पाच महिने होडी पाण्यात, आणि त्यातले कितीतरी शनिवार-रविवार पावसाचे. एप्रिलमध्ये बूड घासायचं, पॉलिश करायचं. समुद्रातल्या होड्यांना बुडाला शिंपले चिकटतात म्हणून तिथे विषारी रंग देतात. मेलारेनमध्ये शिंपल्यांचा त्रास नाही आणि पिण्याचं पाणी असल्यामुळे तसले रंग लावायला बंदी आहे, त्यामुळे शेवाळ हाताने घासून काढायचं. हे सगळं खरं. पण जुलैमध्ये जे झालं ते दुसऱ्याच्या होडीवर झालं. कुठला दोर कुठे बांधलाय, कुठली तोटी कुठल्या साली बदलली, हे मला माहीत नव्हतं. मला माहीत असलेल्या होडीतच मुलांना न्यायचं आहे. इथे पाणी टाळून राहता येत नाही, बाबा. ईराच्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे होडी आहे, ती उन्हाळ्यात कोणा ना कोणाबरोबर जाणारच. ती माझ्याबरोबर जाऊन शिकावी असं मला वाटतं.

होडी बांधायच्या जागेसाठी आम्ही २०२२ मध्येच घराजवळच्या क्लबात नाव घातलं होतं, तेव्हा नुसतंच. चार वर्षांनी या फेब्रुवारीत नंबर लागला. क्लब म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा गाद्या-खुर्च्यांचा नव्हे. पत्र्याची एक खोली, कॉफीचं यंत्र, आणि सगळी कामं सभासदांनीच करायची. वर्षातून दोन रात्री प्रत्येकाला पहारा असतो, बॅटरी घेऊन धक्क्यावर फेऱ्या मारायच्या, दोर सैल झालेत का, कोणाच्या होडीत पाणी साठलंय का, चोर आलाय का ते बघायचं. गणेशोत्सवात मंडपात आळीपाळीने जागायचे तसं. माझी पहिली रात्र जूनमध्ये आहे. तेव्हा रात्र अशी होतच नाही, अकरापर्यंत उजेड असतो आणि तीनला पुन्हा फटफटतं.

आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. धक्क्यावर पाऊल ठेवलं की चौघांच्याही अंगात जॅकेट, होडीत चढल्यावर नाही, धक्क्यावरच. पहिला उन्हाळा फक्त तळ्यात, समुद्रात जायचं नाही. वारा सेकंदाला सात मीटरच्या वर सांगितला तर निघायचं नाही. रेडिओवर रोज समुद्राचं हवामान सांगतात, एकेका जागेचं नाव घेऊन, लांड्सऑर्ट, स्वेन्स्का हगार्ना, सदरआर्म, अशा संथ सुरात की ईराला ती नावं पाठ झाली आहेत. बचावासाठी इथे स्वयंसेवकांची संस्था आहे, १९०७ पासूनची, सरकारी पैशावर चालत नाही, सभासदांच्या वर्गणीवर चालते. आम्ही सभासद झालो, होडी घ्यायच्या आधीच.

आणि वसंत ऋतूत पाणी दिसतं तसं नसतं हेही मला कळलं आहे. मे महिन्यात ऊन लख्ख असतं, लोक टी-शर्टवर फिरतात, पण पाणी आठ-दहा अंशांचं. त्यात पडलं तर पोहता येणाऱ्याचाही श्वास पहिल्या मिनिटात अडकतो. म्हणून मला नुसतं पोहता येतं एवढ्यावर मी विसंबणार नाही.

तुम्ही आला होतात तेव्हा आपण संग्रहालयात ठेवलेलं वासा हे जुनं जहाज बघायला गेलो होतो. स्लुसेनहून फेरीबोटीने सोपं पडलं असतं. तुम्ही नको म्हणालात, म्हणून समीर मुलांना घेऊन फेरीने गेला आणि आपण दोघं ट्रामने, पुलावरून. ते जहाज पाहून तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. १० ऑगस्ट १६२८, पहिल्याच सफरीला निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता कलंडलं, कारण वरचा भार जास्त आणि तळाला वजन कमी. तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दीड वर्ष, असं तुम्ही ईराला सांगितलंत. मग तुम्ही भिंतीवरची पाटी वाचायला लागलात. ३३३ वर्षांनी जहाज वर काढलं ती तारीख तुम्ही मोठ्याने वाचलीत. २४ एप्रिल १९६१. "त्याच साली," एवढं म्हणालात आणि बाकावर जाऊन बसलात. ईराने विचारलं, आजोबा काय झालं, तर म्हणालात, पाय दुखले.

मला कळलं होतं. मी शेजारी बसले, पण विचारलं नाही. आता विचारते.

१२ जुलै १९६१ बद्दल मला जे माहीत आहे ते सगळं इतरांकडून. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण उजाडेपर्यंत तरी धरून ठेवलं, नाहीतर रात्रीच्या झोपेत माणसं गेली असती, हे आजोबा सांगायचे. नारायण पेठेतल्या आपल्या वाड्यात पाणी पहिल्या मजल्यावर आलं. पाणी ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नव्हतं आणि वाड्यांमधल्या बुजत चाललेल्या विहिरी पुन्हा उपसल्या, हे आजीकडून ऐकलं. फडताळातलं भिजलेलं धान्य कुजल्याचा वास तिच्या नाकातून शेवटपर्यंत गेला नव्हता. आजीचा तो एका बाजूने चेपलेला तांब्याचा हंडा चिखलात सापडला होता, तो अजून आपल्या माळ्यावर आहे. तुम्ही नऊ वर्षांचे होतात. तुमच्याकडून मी यातलं एकही वाक्य ऐकलेलं नाही.

एकदाच, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, आई बोलता बोलता म्हणाली की तुम्हाला कमरेला दोर बांधून शेजारच्या माडीवर ओढून घेतलं होतं. मी पुढे विचारलं तर म्हणाली, त्यांनाच विचार.

या फेब्रुवारीत वर्गात गाठी शिकवल्या. शिक्षकांनी दोराचा तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, ही सगळ्यात महत्त्वाची, माणसाला पाण्यातून वर घ्यायचं तर हीच, कारण ती कमरेला आवळत नाही. छोटं कडं, खालून वर, मागून फेरी, परत खाली. बाबा, वर्गात मी एकटीच होते जिला ती आधीपासून येत होती. शिक्षकांनी विचारलं, कुठे शिकलात? मी म्हटलं, पुण्यात, वडिलांनी शिकवली. ते म्हणाले, तुमचे वडील खलाशी होते का? मला काय उत्तर द्यावं ते सुचेना.

तुम्ही "घेऊ नका" म्हणालात तर आम्ही या वर्षी घेणार नाही. समीरशी बोलून हे ठरवलं आहे आणि त्याची हरकत नाही. पुन्हा पुढच्या वर्षी विचारेन. पण हो किंवा नाही हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, आईमार्फत नको.

शनिवारी तुमच्या रात्री आठला फोन करते, आमचे तेव्हा साडेचार वाजलेले असतील, मुलं घरीच आहेत. ईराला गाठ अजून जमत नाही, शेवटची फेरी ती उलटी घेते. ती दोराचा तुकडा घेऊन फोनसमोर बसणार आहे. गच्चीवरची दोरी काढून जवळ ठेवा आणि तिला हळूहळू करून दाखवा. आणि करता करता सांगा, त्या दिवशी तो दोर तुमच्या कमरेला कोणी बांधला होता.

आईला नमस्कार. तिचा गुडघा कसा आहे ते कळवा.

तुमची,
मृणाल